आजोबांचा चाकू घासायच्या आधी

वारशाने आलेला जुना चाकू हातात पडला की आधी तो लखलखीत करावासा वाटतो. तेवढं करू नका, असं मी आता भेटेल त्याला सांगते. आमच्या घरात एकाच जोडीचे दोन घडीचे चाकू होते, दोन्ही शेफील्डचे. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ ते आंब्याच्या कलमांसाठी वापरत. एक बाबांकडून माझ्याकडे आला, दुसरा चुलतभावाकडे गेला. त्याने आपला बाजारात धार लावायला दिला. संध्याकाळी परत आला तेव्हा पातं चकाकत होतं, पण त्यावरची अक्षरं गेली होती, टोकापाशी निळसर झाक आली होती आणि एका बाजूने सपाट असलेली धार दोन्ही बाजूंनी उतरती झाली होती.

निळं टोक यातलं सर्वांत वाईट. पोलादाला पाणी दिलं की ते कडक पण ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा साधारण दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा मारतात. विजेच्या चाकावर पातळ पातं दाबून धरलं तर टोक बघता बघता तीनशे अंशांपर्यंत तापतं. निळा रंग ही त्याची खूण. तेवढ्या भागाचं पाणी उतरतं, आणि मग कितीही चांगली धार लावा, चार काप घेतले की ती बसते. सपाट बाजू गेल्याचं नुकसान कलमं बांधणाऱ्यालाच कळेल. कोयकलमात काडीला पाचरीचा आकार देताना काप एका ओढीत सरळ यावा लागतो, तरच सालीखालचा हिरवा थर खुंटरोपाच्या थराला नीट भिडतो. दोन्हीकडून उतरती धार लाकडात वळते. तुमच्याकडचा चाकू कलमाचा किंवा डोळा भरायचा असेल, तर दोन्ही बाजू बोटाने चाचपून बघा. एक सपाट लागली, तर ती तशीच राहू द्या आणि दगडावर फक्त उतरती बाजू चालवा.

माझा चाकू मी आठवडाभर नुसता तेलात ठेवला. तो उघडतच नव्हता. अशा वेळी पक्कड लावू नये, नखाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालू नये. पात्याचं टोक नाहीतर आतली स्प्रिंग तुटते. सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचे थेंब सोडा, ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. काळं तेल बाहेर येऊ लागलं की आतला गंज सुटतोय असं समजा. कोकणात हाताशी खोबरेल असतं, पण इथे ते नको. थंडीत थिजतं, जुनं झालं की खवट होतं. गोडं तेल तर कालांतराने चिकटून सांधाच धरून ठेवतं. त्याच चाकूने फळ कापायचं असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम.

गंजाचे दोन प्रकार डोळ्यांनी ओळखायला शिका. लालसर, भुसभुशीत, बोटाला लागतो तो पोलाद खातो, तो काढायचा. करडा-काळपट, गुळगुळीत, पुसून न जाणारा थर कैऱ्या, कांदे, चीक कापून वर्षानुवर्षांत चढलेला असतो, आणि तोच खालच्या पोलादाला थोडंफार राखतो. तो घालवायचा नाही. लाल गंजावर तेल सोडून पितळेच्या पट्टीच्या कडेने हलके खरवडलं की बराच सुटतो. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. तांब्या-पितळेची भांडी घासायची चिंच किंवा लिंबू इथे चालत नाही. आम्ल पात्याला खातं आणि सांध्यात शिरलं तर आतून गंज सुरू होतो.

असं खरवडताना पात्याच्या बुडाशी एक तारा आणि त्याशेजारी माल्टीज क्रॉस दिसला. जोझेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची ही खूण 1682 पासूनची. मुकुटाच्या दोन बाजूंना जी आणि आर ही अक्षरं होती, म्हणजे चाकू जॉर्ज राजांच्या काळातला, बहुधा 1910 ते 1952 मधला. व्ही आर असतं तर व्हिक्टोरिया राणीचा, 1901 किंवा त्याआधीचा. पॉलिश पेपरचे दोन हात फिरले असते तर यातलं काहीच उरलं नसतं.

मूठ कशाची आहे हे आधीच पाहून ठेवा. सेल्युलॉइडची असेल तर तिला आगीपासून जपा आणि चाकू इतरांपासून वेगळा, मोकळ्या हवेत ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचे चाकूही गंजवतं. सांबराचं शिंग किंवा हस्तिदंत असेल तर विकण्याआधी किंवा परदेशी पाठवण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा; 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू होतो.

कोयकलमांचा हंगाम ऐन पावसात येतो, गंजाचाही तोच. वाडीत असताना प्रत्येक कलमानंतर मी चीक सुकायच्या आत पातं पुसते, घरी आल्यावर कोरडं करून तेलाचा हात देते. चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, कारण चामडं ओल धरतं. मलमलीचं तेलकट फडकं पुरतं. आणखी एक सांगते: या चाकूंना उघडल्यावर अडकणारी कळ नसते, पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं. टोकाने भोक पाडायला किंवा काही उचकटायला गेलात तर ते बोटांवर मिटतं.

खिशात बाळगण्याबद्दल लोक मला पात्याच्या लांबीचा नियम सांगतात. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे खरा, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सण, निवडणुका, तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्या कलमात सुऱ्यांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणून मी तो शहरात खिशात घेऊन फिरत नाही. वाडीत जाताना कलमाच्या पट्ट्यांबरोबर डब्यात घालून नेते. हा चाकू जिथे घडला त्या इंग्लंडात कळ नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो, पण तो तिथला कायदा. तिथे राहणाऱ्या भाच्याला मी आधी धार मोजायला सांगितली.

विमानाने जाणार असाल तर आदल्या रात्री हातातल्या पिशवीचे सगळे कप्पे पालथे करा. चाकू केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानात नेता येतो. तपासणीच्या रांगेत तो सापडलाच, तर परत जाऊन सामानात टाकू देता का असं विचारा, किंवा सोडायला आलेल्या माणसाला बोलावून त्याच्या हाती द्या. काउंटरवर सोडून गेलात तर तो परत मिळेल असं धरून चालू नका.