ऊन हवे, ताप नको!

राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी तपमान ५१ अंश सेल्सिअसवर गेले होते. याच भागात, थरच्या वाळवंटात, भडला येथे २,२४५ मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान आहे. सुमारे ५६ चौरस किलोमीटर जागेवर सौर पॅनेलांच्या रांगाच रांगा! इतका उन्हाळा, मग विजेला काय तोटा, असे कुणालाही वाटेल. पण सौरघटाला हवा असतो उजेड; उष्णता त्याला मानवत नाही. असे का?

सौरघट सिलिकॉन या अर्धसंवाहकाचा असतो. त्याच्या एका थरात फॉस्फरस, तर दुसऱ्यात बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. हे थर जेथे मिळतात त्या संधीपाशी विद्युत्क्षेत्र निर्माण होते. किमान १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, शोषला गेला की सिलिकॉनमधील एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. संधीचे क्षेत्र त्याला एका बाजूस आणि त्याच्यामागे राहिलेल्या पोकळीला दुसऱ्या बाजूस नेते. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू!

एका घटाचा विद्युत्दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणून अनेक घट एकसरीत जोडून पॅनेल करतात. पॅनेलांचा एकदिश प्रवाह इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो, रोहित्र दाब वाढवते आणि वीज दूर पाठवता येते.

आता उष्णतेकडे वळू. घट तापला की संधीतून उलट दिशेने होणारी गळती वाढते आणि विद्युत्दाब उतरतो. प्रवाह किंचित वाढतो खरा, पण त्याने तूट भरून निघत नाही. दर अंशामागे शक्ती साधारण ०.४ टक्के घटते.

पॅनेलची क्षमता मोजतात ती घटाचे तपमान २५ अंश आणि प्रकाश दर चौरस मीटरला १,००० वॉट असताना. कार्यक्षमता २० टक्के धरली, तर एका चौरस मीटरातून २०० वॉट मिळतील. घट ६५ अंशांपर्यंत तापला, तर ४० × ०.४ = १६ टक्के घट; उरले १६८ वॉट.

मग वाळवंट का निवडले? तेथे आकाश वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र असते आणि सपाट, ओसाड जमीन विपुल मिळते. भरपूर उजेडाचा लाभ उष्णतेच्या तोट्याहून मोठा ठरतो.

शाळेत लहान सौर पॅनेल असल्यास ते दुपारच्या उन्हात तापू द्या आणि व्होल्टमापकाने दाब मोजा. मग पॅनेल न हलवता मागील बाजूस ओले फडके लावा. तारांच्या जोडांना पाणी लागू देऊ नका. पाच मिनिटांनी दाब पुन्हा मोजा. ऊन तेच असताना आकडा का वाढला, हे आता तुम्हीच सांगा.