सही की दान? (गीता १७.२० आणि २१)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१.

इथे भगवंत दानाचे प्रकार सांगतात. सात्त्विक दान म्हणजे द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, आणि जागा, वेळ, माणूस पाहून दिलेलं. राजस दान म्हणजे बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा जड मनाने दिलेलं. हे जड मन आपल्या घरात कुठे दिसतं माहितीये? दुसऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही करताना.

समजा, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात. वडिलांच्या नावावर दर्यापूरकडे चार एकर वावर आहे. आत्येभावाला अकोल्यात दालमिल टाकायची आहे, पण बँकेला तारण हवं. सगळे पाहुणे बसलेले असताना तो म्हणतो, "मामाजी, नावापुरती सई पाहिजे, बाकी मी पायतो." वडील भिडेपोटी मान डोलावतात. याला मदत म्हणायचं की दान?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं बँकेला सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. फक्त जमीन गहाण दिली आणि वैयक्तिक हमी दिली नाही, तर धोका त्या जमिनीपुरता राहतो. पण बऱ्याचदा एकाच बैठकीत दोन्ही कागदांवर सह्या घेतल्या जातात. म्हणून प्रत्येक कागद कशाचा आहे ते विचारा.

कर्ज कॅश क्रेडिटचं असेल तर आणखी जपून. रक्कम फिरत राहते, दरवर्षी नूतनीकरण होतं, मर्यादाही वाढू शकते. आपल्या भाषेत सांगायचं तर लिमिट न लावता दुसऱ्याच्या क्लाउड अकाउंटला आपलं कार्ड जोडण्यासारखं आहे. कलम १३० नुसार चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, पण आधी उचललेल्या पैशांची जबाबदारी सुटत नाही. आणि गहाण जमिनीला चिकटलेलं असतं. वडील गेले तरी सातबाऱ्यावरचा बोजा तुमच्यापर्यंत येतो.

"शेतीवर बँक येऊच शकत नाही" असं गावात म्हणतात. ते अर्धं खरं आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यात बँकेला कोर्टात न जाता, ६० दिवसांची नोटीस देऊन तारण ताब्यात घेता येतं, आणि कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. पण दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद होत नाही. सहकारी पतसंस्थेला १९६० च्या सहकार कायद्यात कलम १०१ चा वसुली दाखला मिळू शकतो. आणि एनए केलेल्या प्लॉटला शेतजमिनीची सूट नाही.

खाजगी सावकार असेल तर तो गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून मागतो. "पैसे दिले की वावर परत" हे फक्त तोंडी असतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ नुसार ही अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. असं आधीच झालं असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात एक वाट आहे. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार १५ वर्षांच्या आतला असावा लागतो आणि तो सावकारीतूनच झाला हे चौकशीत दिसावं लागतं.

आपल्या वऱ्हाडाला हे दुःख जुनं आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण मात्र मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला, मामाकडे गेलं. ज्या वावरात देबूने घाम गाळला, ते सावकाराच्या कर्जात गेल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. घाम भाच्याचा, कागद मामाचा. बाबा पुढे आयुष्यभर कीर्तनात सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. न वाचता दिलेली सही घरातल्या सगळ्यांचं काय करते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता परत श्लोकाकडे येऊ. दान देताना किती दिलं ते त्याच क्षणी कळतं आणि विषय संपतो. जामिनाचं तसं नाही. किती द्यायचं आणि कधी द्यायचं, हे दुसऱ्याच्या धंद्यावर ठरतं. म्हणजे ते रक्कम न लिहिलेलं दान आहे. शिवाय दान स्वतःच्या वस्तूचं करायचं असतं. वडिलोपार्जित वावरात बहिणीचा हिस्सा आहे, आईचा आधार आहे. तो एकट्याने कसा द्यायचा?

म्हणून मला सरळ कसोटी वाटते: जेवढं बुडालं तरी त्या भावाशी आपण प्रेमाने बोलू शकू, तेवढंच द्यावं. पन्नास हजार जमत असतील तर पन्नास हजार द्या आणि विसरून जा. ते सात्त्विक. सही करायचीच असेल तर रकमेची मर्यादा लिहून घ्या, वैयक्तिक हमी नाकारा, घरातल्या सगळ्यांना विचारा, मसुदा आपल्या वकिलाला दाखवा. पैसे भरावेच लागले तर कलम १४५ नुसार ते भावाकडून मागायचा हक्क आहे. पण त्याच्याकडे असते तर बँक आपल्या दारी आली असती का?

नाही म्हणणं हे पाप नाही. चारचौघांत हो म्हणून आयुष्यभर मनात राग धरणं जास्त जड जातं, नातं त्यातच तुटतं.

आजचा संकल्प: घरच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढा, 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचा बोजा आहे का पाहा, आणि रात्री आईबाबांना फोन करून त्यावर शांतपणे बोला.

गण गण गणात बोते. उद्या श्लोक २२ वर भेटू.