संकटकाळची वीज : एक हिशेब

वीज ही आपल्या जीवनात इतकी मुरली आहे की, ती गेल्याखेरीज तिची आठवण होत नाही. सोलापूरकरांना तर या बाबतीत अभिमान वाटावा अशी स्थिती आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. शहराजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. मग संकटकाळासाठी वेगळी वीज कशाला, असे कोणी विचारील.

याचे उत्तर ऑक्टोबर २०२० च्या एकाच आठवड्यात सापडते. १२ तारखेला जाळ्यातील बिघाडामुळे मुंबईची वीज गेली व लोकल गाड्या जागीच थांबल्या. दोनच दिवसांनी आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, भीमेला पूर आला. पुरात मोठे केंद्र शाबूत असले तरी खांब कोसळतात, रोहित्रे पाण्यात जातात आणि अपघात टळावा म्हणून पुरवठा मुद्दाम बंद ठेवावा लागतो. म्हणजे जाळे कितीही मोठे असो, आपल्या दारापर्यंतचा शेवटचा धागा नाजूकच असतो.

यावर ‘सौरऊर्जा’ हे उत्तर हल्ली चटकन दिले जाते. परंतु येथे एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. घरांच्या छतांवर अनुदानातून बसणारी बहुतेक सौरसंयंत्रे जाळ्याला जोडलेली असतात. जाळ्याची वीज गेली की तीही आपोआप बंद होतात. तसे झाले नाही, तर छतावरची वीज उलट तारांत जाईल आणि दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तेव्हा बॅटरीची सोय नसेल, तर माथ्यावर ऊन असूनही घरात पंखा फिरणार नाही.

आता बॅटरीचा विचार करू. मी कलाशाखेचा विद्यार्थी असलो, तरी हा हिशेब अंकगणितापलीकडचा नाही. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. शिवाय इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. म्हणजे हाती उरतात सुमारे ८०० वॉट-तास. नऊ वॉटचे तीन दिवे पाच तास लावले तर १३५, कमी विजेचा एक पंखा रात्रभर २४०, चार मोबाइल ६०, एकूण ४३५. म्हणजे काटकसरीने जवळजवळ दोन रात्री निघतील. पण घरात प्राणवायू देणारे सुमारे ३०० वॉटचे यंत्र लागणारा रुग्ण असेल, तर तीच बॅटरी अडीच तासांतच संपेल. अशा घरी विजेविना चालणारे प्राणवायूचे सिलिंडर भरून ठेवणे हाच खरा उपाय होय.

शंभर वॉटचे सौरपटल सोलापूरच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४०० वॉट-तास देते. मात्र पूर येतो तो ढगाळ दिवसांत, त्या वेळी हा आकडा फार खाली येतो. कडक उन्हाळ्यातही पटल तापल्याने उत्पादन घटते आणि बॅटरीतील पाणी लवकर आटते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर पाहण्याचे काम संकट येण्यापूर्वीच करावयाचे असते.

पाण्याचा पंप चालवावयाचा तर जनित्र लागते, कारण मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. जनित्र बंद खोलीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. ते घरच्या तारांना जोडताना चेंजओव्हर स्विच हवाच. येथेही प्रश्न खांबावरच्या त्या वायरमनच्याच प्राणांचा आहे.

सारांश, संकटकाळी किती वीज मिळेल यापेक्षा कोणती कामे विजेवाचून अडतील, हे आधी ठरविणे महत्त्वाचे. दिवा, मोबाइल, औषध आणि पिण्याचे पाणी हा क्रम प्रत्येक घराने कागदावर मांडावा. पुरात शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींतच लोकांना आसरा दिला जातो. म्हणून आपल्या महाविद्यालयाच्या छतावर बॅटरीसह एखादे लहान संयंत्र असावे आणि त्याची निगा विद्यार्थ्यांनी राखावी, असे मला मनापासून वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी याहून उपयुक्त काम क्वचितच सापडेल.