लाकडी टॅक्सी

बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. या गावातील एका घरी दिवाळीची साफसफाई चालली होती. सातवीत शिकणारा मुलगा माळ्यावर चढून जुनी भांडी खाली देत होता. एका हंड्याच्या मागे फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू त्याच्या हाताला लागली. त्याने फडके सोडले, तो आत एक लाकडी मोटार!

मोटार पाहून त्यास आनंद झाला, परंतु तो फार वेळ टिकला नाही. तिचे एक चाक नाहीसे झाले होते. उरलेली तीन चाके लहानमोठी होती. टप एका बाजूस कलला होता, आणि सांध्यांतून सरसाचे ओघळ बाहेर येऊन तसेच वाळले होते. वर कोणी तरी तांबड्या रंगाचा जाड थर दिला होता. त्याचेही जागोजागी पोपडे निघाले होते.

“आबा, ही कोणी केली? किती वेडीवाकडी आहे!” मुलाने विचारले.

आजोबांनी मोटार हातात घेतली आणि ते ओसरीवर बसले. “ही माझ्या थोरल्या भावाने केली,” ते म्हणाले. “१९७५ सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा होतो, आणि तो पंधरा. तो पहिल्यांदाच मुंबई पाहून आला होता. तिथली काळी-पिवळी टॅक्सी त्याच्या डोळ्यांत भरली. देवदाराचे एक खोके मोडून, चाकूने कोरून त्याने माझ्यासाठी ही टॅक्सी केली. पुढे तो मुंबईला गेला आणि जन्मभर टॅक्सीच चालवली.”

ते थोरले बंधू आता हयात नव्हते.

मुलाने कधी पाहिली नव्हती, अशी ती टॅक्सी होती. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. तेथे इटलीच्या फियाट मोटारीवरून तयार केलेल्या गाड्या निघत. १९७४ पासून त्या गाडीस ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि मुंबईच्या टॅक्सीचे रूप म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. पुढे कारखान्यातून ती निघणे बंद झाले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली.

“मी ही अगदी नवी करून देतो,” मुलगा उत्साहाने म्हणाला. “काचकागदाने सगळा रंग घासून काढतो, चाके बदलतो आणि चकचकीत रंग देतो.”

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी मोटार फक्त पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली.

मुलगा मात्र कामाच्या तयारीस लागला. प्रथम त्याने मोजमाप घेतले. खऱ्या वस्तूच्या प्रमाणात लहान केलेल्या वस्तूस प्रतिकृती म्हणतात. खरी गाडी सुमारे ३९३ सेंटीमीटर लांब होती; ही लाकडी गाडी साडेएकोणीस सेंटीमीटर भरली. म्हणजे प्रमाण साधारण विसास एक असे पडले. खऱ्या गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमध्ये २३४ सेंटीमीटर अंतर असे. त्यास विसाने भागले, तर ११.७ सेंटीमीटर येतात. लाकडी गाडीत ते अंतर अवघे १०.२ सेंटीमीटर होते. “म्हणजे आसांची भोकेसुद्धा चुकली आहेत! तीही बुजवून नवी पाडली पाहिजेत,” असे मुलाने मनाशी ठरवले.

दिवाळीनंतर शाळेची सहल अजिंठ्यास गेली. जामनेर, पहूर, फर्दापूर असा रस्ता होता. लेण्यांतील अंधुक उजेडात मुले भिंतींवरील चित्रे पाहू लागली. काही चित्रांवर पिवळसर तपकिरी छटा पसरलेली होती. एका मुलीने विचारले, “गुरुजी, हा रंग मुळातलाच आहे का?”

गुरुजी म्हणाले, “नाही. ही चित्रे फार जुनी. त्यांतली सर्वांत जुनी तर दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांच्याखालचा गिलावा भिंतीपासून सुटू लागला, तेव्हा हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी इथे काम केले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा घट्ट बसवला. त्यामुळे कितीतरी चित्रे वाचली. ते उपकार मोठेच. पण चित्रे सुरक्षित राहावीत म्हणून त्यांनी वरून लाखेचे रोगणही दिले. तेव्हा ते स्वच्छ आणि चकचकीत दिसले. काळ लोटला तसे ते पिवळे पडले, मग तपकिरी झाले. ते काढताना खालचा रंग निघून येऊ नये, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अतिशय सावकाश काम करावे लागले. लक्षात ठेवा, दुरुस्ती करणाराने आधी एकच प्रश्न विचारावा: मी आज जे करीन, ते उद्या कोणाला परत फिरवता येईल का?”

परतीच्या वाटेवर मुलगा गप्प होता. घासून काढलेला रंग परत लावता येत नाही, हे त्याच्या ध्यानी आले. त्यास काचकागद आठवला, आणि आबांचे गप्प राहणेही आठवले.

घरी येताच त्याने एक वही घेतली. मोटारीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढली, आणि प्रत्येक दोष वहीत लिहिला. मग तो आळीतल्या सुतारकाकांकडे गेला.

सुतारकाकांनी कललेला टप पाहिला. ते म्हणाले, “बाळ, हा सरस आहे. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून तो करतात. तो ऊन पाण्याने मऊ होतो. हल्लीच्या काही चिकट द्रव्यांनी जोडलेला सांधा लाकूड फाटल्याशिवाय सुटत नाही. सरसाचा सांधा मात्र सोडवता येतो. आपणही सरसच वापरू, म्हणजे पुढे कोणाला हवा तर उकलता येईल.”

ऊन पाण्यात पिळलेले फडके त्यांनी सांध्यावर धरले. काही वेळाने टप अलगद सुटला. त्यांनी तो सरळ बसवला, आणि सांधा वाळेपर्यंत सुतळीने बांधून ठेवला. नाहीशा झालेल्या चाकाऐवजी मुलाने एक नवे चाक केले. त्याच्या आतील बाजूस त्याने चालू वर्ष लिहिले. पुढे कोणी पाहिले, तर हे चाक मूळचे नाही, हे त्यास कळावे, हा हेतू.

आता राहिला तांबडा रंग. मोटारीच्या तळाशी मुलाने बांबूच्या काडीने एक सुटलेला पोपडा उचलला. खाली काळा रंग होता! टपावरचा पोपडा उचलताच पिवळा दिसला. मूळचा तेलकट, गुळगुळीत रंग न घासताच त्यावर नवा थर चढवला होता, म्हणून तो नीट धरला नव्हता.

“आबा, टॅक्सी आत तशीच आहे!” मुलगा ओरडला. “वरचा रंग कोणी दिला?”

आजोबा थोडे थांबून म्हणाले, “मीच. दादा मुंबईला गेला, त्या वर्षी. मला फार राग आला होता. टॅक्सीने माझा भाऊ नेला, असे वाटले. म्हणून तिची टॅक्सीच राहू नये, असे केले.”

मुलाने काडी खाली ठेवली. तांबडा रंग ही केवळ घाण नव्हती. तोही त्या मोटारीच्या कथेचाच एक भाग होता. पुष्कळ विचार करून नातू आणि आजोबा यांनी मिळून निर्णय घेतला. जे पोपडे आपण होऊन सुटले होते, तेवढेच काढावयाचे. जेथे रंग घट्ट बसला होता, तेथे तो तसाच ठेवावयाचा. आठ दिवस दोघे रोज थोडा वेळ बसत. निघालेले पोपडेसुद्धा मुलाने एका डबीत भरून ठेवले, आणि केलेले प्रत्येक काम तारखेसह वहीत लिहिले.

आसांची भोके त्याने बुजवली नाहीत. “माप चुकले आहे खरे,” तो म्हणाला, “पण ते मोठ्या आबांच्या हातचे आहे. मला बरोबर मापाची गाडी हवी असेल, तर मी माझी वेगळी करीन.” आणि त्याने ती केली. आसांमध्ये नेमके ११.७ सेंटीमीटर अंतर असलेली, चारही चाके सारखी असलेली काळी-पिवळी टॅक्सी फळीवर जुन्या टॅक्सीशेजारी उभी राहिली.

जुनी टॅक्सी काही चकचकीत झाली नाही. तिच्या अंगावर काळा, पिवळा आणि तांबडा असे तिन्ही रंग दिसतात. पण ती आता चार चाकांवर उभी आहे.

काम संपले त्या संध्याकाळी आजोबांनी ती ओसरीवर हलकेच ढकलली. लहानमोठ्या चाकांमुळे ती सरळ गेली नाही. डावीकडे वळत वळत भिंतीशी जाऊन थांबली.

“चाके बदलू का, आबा?” मुलाने विचारले.

“नको,” आजोबा हसून म्हणाले. “ती पहिल्या दिवसापासून अशीच डावीकडे वळते.”

स्वाध्याय

१. मुलाने काचकागद वापरण्याचा बेत का सोडला?
२. सरसाने जोडलेला सांधा आणि न सुटणारा सांधा यांत कोणता फरक आहे? दुरुस्तीत त्याचे महत्त्व काय?
३. नव्या चाकाच्या आतील बाजूस वर्ष लिहिण्याचा हेतू कोणता?
४. खऱ्या गाडीच्या आसांमध्ये २३४ सेंटीमीटर अंतर आहे. तीसास एक या प्रमाणात प्रतिकृती केल्यास ते अंतर किती होईल?
५. तांबडा रंग पूर्ण काढला असता तर काय मिळाले असते व काय गमावले असते? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.