दोन दिवसांत बदललेला माणूस

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश आहे हे एकदा ठरलं, की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर टाकली जाते. जेवत नाहीत, तो आजार. रात्री ओरडतात, तो आजार. दिवसभर झोपून असतात, तोही आजारच. नातेवाईक म्हणतात, "वय झालंय, आता हे असंच चालायचं." घाईत असलेले डॉक्टरही तेच म्हणतात. या समजुतीपायी माझ्या वडिलांचा जीव जाता जाता राहिला. ज्या घरांत असं माणूस आहे, त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

अण्णा एसटीत वाहक होते. सातारा आगारात उभी नोकरी झाली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी विसरणं वाढलं, तपासण्या झाल्या, अल्झायमरचं निदान झालं. तरी ते घरात हिंडत, ताटातलं आपल्या हातानं खात, अंघोळीला तेवढी मदत लागे. नातीचं नाव आठवायचं नाही, पण ती दिसली की चेहरा खुलायचा. आजार पुढे सरकत होता, पण इतका हळू, की मागच्या दिवाळीशी ताडून पाहिलं तरच फरक कळावा.

वळवाचा पाऊस पडून गेला आणि त्यांना सर्दी झाली. औषधाच्या दुकानातून सर्दीच्या नेहमीच्या गोळ्या आणल्या, त्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत माणूस बदलला. दिवसा गुंगीत पडून. हाक मारली तर डोळे उघडायचे, पण आपलं वाक्य संपेपर्यंत त्यांचं लक्ष टिकायचं नाही. रात्री उठून बसायचे, हवेत हात फिरवून तिकिटं फाडायचे, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून भेदरायचे. पायजमा सारखा ओला होऊ लागला.

त्यांना रुग्णालयात भरती केलं. तिथे फाइलवरचा 'अल्झायमर' हा शब्द वाचला गेला आणि पुढचं सगळं त्या शब्दावरून ठरलं. लघवी कळत नाही म्हणून डायपर. ओरडतात म्हणून झोपेचं इंजेक्शन. सलाइन ओढतात म्हणून बँडेजच्या पट्टीनं हात खाटेच्या कठड्याला बांधलेले. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र हरवेल म्हणून घरी पाठवलेलं. आम्हाला भेटीच्या वेळेपुरताच प्रवेश. शेवटी सांगण्यात आलं, "आजाराची शेवटची पायरी आहे. घरी न्या, जमेल तेवढी सेवा करा." घरी आणलं तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढा काळपट लाल चट्टा उठला होता.

बहिणीनं आग्रह धरला म्हणून दुसऱ्या फिजिशियनना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "मागच्या आठवड्यात हे स्वतःचं काय काय करत होते?" आम्ही सांगितलं. मग म्हणाले, "घरात असलेली सगळी औषधं आणा, दुकानातून आणलेलीसुद्धा." अण्णांचं ओटीपोट त्यांनी हातानं दाबून पाहिलं. ते टणक लागत होतं. सोनोग्राफीत मूत्राशय तुडुंब भरलेलं दिसलं. डायपर ओला होत होता, कारण भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत होतं. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेट बहुधा वाढलेली असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखं औषध असतं, त्यानं लघवी तुंबते, शौचाला खडा होतो आणि मेंदूवर गुंगी चढते. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झालेला. पोटात पाणी नाही, रक्तातलं सोडियम उतरलेलं. त्यावर आणखी झोपेचं इंजेक्शन दिलेलं.

नळी घालून लघवी काढली, प्रतिजैविक सुरू झालं, सर्दीची गोळी बंद केली, पोट साफ होण्याचा इलाज झाला. पहिल्या काही दिवसांत गुंगी उतरली. पूर्ण सावरायला महिना लागला, पण अण्णा पुन्हा पाटावर येऊन बसले आणि आपल्या हातानं जेवले. अल्झायमर होता तिथेच होता. ज्यानं त्यांना खाटेला खिळवलं होतं तो निराळाच आजार होता आणि तो बरा होणारा होता.

त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तापात माणूस बरळतो, वात झाला म्हणतो आपण, तीच ही अवस्था. वय आणि स्मृतिभ्रंश यांनी मेंदू आधीच दुबळा झालेला असला, की साध्या कारणानंही ती ओढवते. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातल्या प्रत्येकाला ही अवस्था गाठू शकते. म्हणून पुढच्या गोष्टी प्रत्येक घरानं जाणून घ्याव्यात.

फरक कसा ओळखावा

अल्झायमर महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो, डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो. तो दिवसात चढतो-उतरतो: सकाळी माणूस बरा बोलतो, दिवेलागणीनंतर ओळख देत नाही. सर्वांत ठळक खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. ओरडणारा, मारायला धावणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गुपचूप झोपून राहणारा येत नाही, उलट "आज शांत आहेत" म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. हा शांतपणा अधिक फसवा असतो, कारण त्यात उपचाराचे दिवस निघून जातात.

असा बदल दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाण्याआधी घरातच इतकं पाहून ठेवा: लघवी शेवटची कधी आणि किती झाली, शौचाला किती दिवस झाले नाही, पाणी किती पोटात गेलं, खोकला किंवा धाप आहे का, अलीकडे पडले होते का, गेल्या दोन आठवड्यांत कोणतं औषध नवं सुरू झालं, वाढलं किंवा एकदम बंद झालं. मधुमेह असेल तर लगेच साखर तपासा. ताप नाही म्हणून संसर्ग नाही असं धरू नका, म्हाताऱ्या शरीराला ताप येतोच असं नाही. डोक्याला मार लागला असेल तर काही आठवड्यांनीही मेंदूभोवती रक्त साकळू शकतं, म्हणून पडल्याची गोष्ट सांगायला चुकू नका.

दुखणंही लक्षात ठेवा. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही, तो कण्हतो, कपाळाला आठ्या घालतो, हात लावू देत नाही, घास ढकलून देतो. याला हट्टीपणा समजू नये. दात, कान, सांधे, तळपाय, पोट सगळं हळुवार हात फिरवून पाहावं.

रोजची वही

घरात एक वही ठेवा. तिच्यात रोज पाच ओळी: जेवण, पाणी, लघवी-शौच, झोप, औषधं. दर महिन्याला एक ओळ जादा: आज हे स्वतःचं काय काय करू शकतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आपली हकिकत सांगता येत नाही, ती या वहीनं सांगायची. "हे असे नव्हते, सोमवारपासून असे झाले" हे वाक्य वही दाखवून म्हटलं, की डॉक्टरांना ते ऐकावंच लागतं.

वहीच्या पहिल्या पानावर त्या माणसाची ओळख लिहा. कोणत्या नावानं हाक मारली की ओ देतात, चष्मा, कवळी, कानातलं यंत्र आहे का, कशाची भीती वाटते, कशानं शांत होतात. अण्णांसाठी आम्ही लिहिलं, "मास्तर म्हणा, लगेच ऐकतात. चहा बशीतून घेतात." पुढच्या वेळी भरती करावं लागलं तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरनी हे पान वाचलं आणि इंजेक्शनाची गरज पडली नाही.

वहीइतकीच महत्त्वाची आणखी एक सवय: सर्दी, खाज, झोप, उलटी यांसाठी दुकानातून गोळी आणण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अण्णांचं सगळं तशाच गोळीपासून सुरू झालं.

रुग्णालयात असताना

तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या डॉ. शॅरन इनॉय यांचा एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेल्या 852 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांच्या शुश्रूषेत चष्मा आणि कानातलं यंत्र लावणं, वेळेवर पाणी पाजणं, चालवणं, रात्रीची झोप न मोडणं, आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा सांगणं अशा साध्या गोष्टींची भर होती. डिलिरियम पहिल्या गटात 15 टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात 9.9 टक्क्यांना. यातल्या कशालाच महागडं यंत्र लागत नाही.

म्हणून घरचं एक माणूस रात्रंदिवस खाटेजवळ असू द्या, आणि तशी परवानगी लेखी मागा. खाट खिडकीजवळची मागा. दिवसा बसवा, जमेल तसं चालवा. लघवीची नळी घातली असेल तर रोज विचारा, "आज काढता येईल का?" अण्णांना ती काही दिवस लागलीच, पण विनाकारण राहिलेली नळी नवा संसर्ग आणते. हात बांधायची भाषा निघाली, तर "मी जवळ बसतो, बांधू नका" असं ठामपणे सांगा. बांधलेला माणूस अधिक घाबरतो, अधिक झगडतो. झोपेचं किंवा शांत करणारं इंजेक्शन कशासाठी, किती दिवस, आणि कधी थांबवणार, हे तिन्ही विचारा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना शांत करायला दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेनं 2005 मध्येच दिलेला आहे. ती कधीच द्यायची नाहीत असं नव्हे, पण विचारल्याशिवाय देऊ देऊ नयेत.

पाठ आणि घास

एकाच कुशीवर दोन तासांहून जास्त ठेवू नका. माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे रोज उजेडात पाहा. चट्टा बोटानं दाबल्यावर फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे जागा जास्त काळपट, गरम किंवा घट्ट लागते का ते पाहावं. अशा जागी चोळू नये. गोल रिंगची उशीही लावू नये, तिनं कडेचा रक्तपुरवठा दबतो. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

भरवताना पाठ ताठ, हनुवटी थोडी खाली, घास लहान. आधीचा घास गिळला हे पाहून पुढचा. जेवल्यावर अर्धा तास बसतं ठेवा. पडल्या पडल्या भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

मदतीला माणूस ठेवताना

नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या मावशी आणि प्रशिक्षित नर्स यांत फरक आहे. नळी बदलणं, इंजेक्शन देणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं. नर्स म्हणून पाठवलेल्या व्यक्तीकडे एएनएम किंवा जीएनएमचं प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. मावशींना वही कशी लिहायची ते शिकवा, पाणी पाजण्याच्या वेळा ठरवून द्या, आणि त्यांच्या जेवणाची, विश्रांतीची, सुट्टीची सोय आधी करा. थकलेल्या हातांनी सेवा होत नाही. हेच घरच्या माणसालाही लागू आहे. बहुतेक घरांत हा भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो. भावंडांनी पैशाबरोबर रात्रीही वाटून घ्याव्यात. जवळपास विचारायला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे, तिथे फोन करा.

प्रत्येक डिलिरियम पुरता बरा होत नाही. काहींची शक्ती कायमची थोडी खचते, काहींना महिने लागतात. पण कारण शोधलंच नाही तर बरं होण्याची संधीच नाकारली जाते. तुमच्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर आजच वही आणा आणि पहिलं पान लिहून टाका. आणि माणूस दोन दिवसांत बदलला, तर "वय झालंय" हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.