स्पूल टेपरेकॉर्डर आणि एक मायक्रॉन धूळ

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी आजोबांच्या पत्रांतून आणि मेसच्या मावशींकडून शिकलेलं आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

आमचं गाव झरी जामणी. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या हद्दीजवळ. मागच्या दिवाळीत आजोबांनी माळ्यावरची एक ट्रंक खाली काढायला लावली. आत स्पूलचा टेपरेकॉर्डर! आजोबा शिक्षक होते. पन्नासएक वर्षांपूर्वी त्यांनी तो नागपूरहून सेकंडहँड आणला होता. सोबत एकच स्पूल. एका बाजूला भजनं, त्यात पेटीवर आजोबा, आणि शेवटी जात्यावर ओव्या म्हणणारी आजी. दुसऱ्या बाजूला जवळच्या कोलाम पोडावरची गाणी. आजी माझ्या जन्माआधीच गेली. तिचा आवाज या जगात फक्त त्या पाव इंच रुंद फितीवर उरला आहे.

मग मी काय केलं? इंजिनिअर ना! प्लग लावला, स्पूल चढवली, प्ले दाबलं. आधी एक किंचाळी, मग गोधडीतून बोलावं तसा आवाज. घाईने बंद केलं तर हेडवर तपकिरी पावडर. आजोबा एवढंच म्हणाले, "हळू वं पोरी. त्यात तुही आजी हाय."

त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. आपल्याला वाटतं, चांगला आवाज म्हणजे भारी अँप्लिफायर, मोठे स्पीकर. पण आवाज टेपवर आधीच असतो. जर्मनीत १९४० मध्ये हाय फ्रिक्वेन्सी बायसची युक्ती सापडली, तेव्हापासून टेपची खरखर आणि विकृती खूपच कमी झाली. डेकचं काम एकच, जे टेपवर आहे ते वाटेत सांडू न देणं. हे सांडतं कुठे, ते आता बघू.

१. आधी वीज. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनला थेट २३० व्होल्ट देऊ नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. वणीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी मला सिरीज बोर्ड लावायला शिकवलं. म्हणजे मशीनच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे काम एकट्याने करू नका.

२. मग स्वच्छता. हे खरं गणित आहे. टेप आणि हेड यांच्यात अंतर पडलं की तोटा होतो:

तोटा (डेसिबेल) = ५४.६ × अंतर ÷ तरंगलांबी

आमच्या टेपचा वेग सेकंदाला ९.५ सेंटीमीटर. म्हणजे १० किलोहर्ट्झची टेपवरची तरंगलांबी फक्त ९.५ मायक्रॉन. मध्ये एक मायक्रॉन धूळ आली तर सुमारे ५.७ डेसिबेल गेले! तीच धूळ १ किलोहर्ट्झला जेमतेम अर्धा डेसिबेल खाते. म्हणून घाणेरड्या हेडवर शब्द कळतात, पण आवाजातला जीव जातो. लॅबमध्ये पीसीबी पुसायला आपण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, तेच इअर बडला लावून हेड, गाइड आणि कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा लोखंडी दांडा, पुसा. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल नको, रबर कडक होतं. तिथे साबणाचं पाणी, आणि नीट वाळू द्या.

३. हेडमधलं चुंबकत्व घालवा. हेड हळूहळू चुंबकित होतं, मग सूं-सूं वाढते आणि टेपवरचे उंच स्वर पुसट होऊ लागतात. डेक बंद ठेवा, टेप दुसऱ्या खोलीत. डीमॅग्नेटायझर लांबच सुरू करा, सावकाश जवळ न्या, सावकाश हातभर लांब आणा, मगच बंद करा. जवळ असताना लाइट गेली तर हेड पूर्वीपेक्षा जास्त चुंबकित होऊ शकतं. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून मी इन्व्हर्टरवर केलं.

४. वेग. आमचं भजन खालच्या सुरात वाजत होतं. कसं कळलं? रेकॉर्डिंगमधली पेटी अजून घरात आहे! पेटीचे सूर पन्नास वर्षांत थोडे हलतील, पण अर्धा स्वर नाही. अर्धा स्वर उतरला म्हणजे वेग जवळजवळ ६ टक्के कमी. कारण साधं निघालं. बेल्ट सैल आणि बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट. नवा बेल्ट, जुनं ग्रीस साफ, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पेटी पेटीशी जुळली.

५. शेवटी ॲझिमथ. हेडमधली फट टेपच्या दिशेला बरोबर ९० अंशांत हवी. आमच्यासारख्या हाफ ट्रॅक टेपवर फक्त १० मिनिटं, म्हणजे एक षष्ठांश अंश चूक झाली तरी १० किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबेल जातात. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू त्यासाठीच असतो. आधी त्याच्या जागेवर रंगाची खूण करा, मग केसभर फिरवा. मीटर नसला तरी कान आहेत. मी भजनातले टाळ ऐकत फिरवत गेले. आधी ते थाप मारल्यासारखे वाजत होते. मग एका जागी अचानक झण्णकन उघडले. तिथेच थांबले.

आणि हे सगळं मी आधी काकांनी दिलेल्या एका रद्दी स्पूलवर केलं, आठ दिवस. एकुलत्या टेपवर कधीही शिकू नका! टेपचीही तपासणी करा. स्पूल उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला आणि व्हिनेगरसारखा वास आला तर ती जुनी ॲसिटेट टेप, तिला उष्णता अजिबात दाखवू नका. आमची पॉलिएस्टर निघाली, नशीब! विदर्भाच्या उन्हाळ्यात माळ्यावर राहूनही तगली.

मग खरा दिवस. लाइन आउटमधून लॅपटॉपमध्ये, २४ बिट, लेव्हल शून्याच्या बरीच खाली, एकदाच आणि न थांबता. नॉइज काढायचा मोह झाला, पण मूळ फाइल तशीच ठेवली. सफाई करायची तर कॉपीवर.

भजनं संपली. जातं सुरू झालं. आणि ओवीच्या प्रत्येक फेऱ्याला किण-किण असा बारीक आवाज. मला वाटलं, बेअरिंग! आजोबा म्हणाले, "बांगड्या हायेत तिच्या." पहिल्या दिवशी त्या बांगड्या नव्हत्याच. म्हणजे होत्या, पण माझ्या एक मायक्रॉन धुळीखाली.

दुसऱ्या बाजूची गाणी आम्ही पेनड्राइव्हवर घालून पोडावर नेऊन दिली. कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या कुळातली द्रविड भाषा. एमेनो या अभ्यासकाचं तिच्यावरचं पुस्तक १९५५ मध्येच निघालं. पण पुस्तकात आवाज नसतो. एक म्हातारी बाई ऐकता ऐकता पुढची ओळ स्वतःच गाऊ लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी ट्रंक असेल. सुट्टीत जाल तेव्हा बघा. फक्त प्ले दाबण्याआधी हात धुवा, हेड पुसा, आणि हळू!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स