मुलांचे खेळघर आणि धोक्याचा हिशेब

देवास हे नाव आपल्या महाविद्यालयाला नवीन नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी देवासला गेले आणि तिथलेच होऊन राहिले, हे आमच्या कन्नड विभागातील मैत्रिणीही मोठ्या अभिमानाने सांगतात. माझा त्या गावाशी संबंध मात्र संगीताचा नाही. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. त्यांच्या आश्रयाने अनेक मराठी घराणी माळव्यात स्थायिक झाली. अशाच एका घरात माझी आत्या दिली आहे. ती देवासला असते. मामांचे कापडाचे दुकान धारला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत या दोन गावांत जे पाहिले, त्यातून प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

प्रथम खेळघर म्हणजे काय ते सांगते. मोठ्या खोलीत लोखंडी नळ्यांचा दोन-तीन मजली सांगाडा उभा करतात. नळ्यांवर स्पंज आणि वर रेक्झिन चढवतात. त्यात जाळ्या, बोगदे, घसरगुंडी, उड्या मारण्याची ट्रॅम्पोलीन आणि प्लॅस्टिकच्या रंगीत चेंडूंचा हौद असतो. तासाचे तिकीट काढून मुलांना आत सोडतात. याला 'सॉफ्ट प्ले' म्हणतात. ऊन, रहदारी, भटकी कुत्री यांपासून मूल सुरक्षित राहील, हा पालकांचा विश्वास. सगळे मऊ आहे, मग लागणार काय?

देवासच्या अशाच एका खेळघरात मी आतेबहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन गेले होते. रविवार होता. अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरून त्याचे रडणे ऐकू आले. एक थोराड मुलगा बोगद्यातून घसरत येऊन त्याच्या हातावर पडला होता. तिथल्या दोन नोकरांपैकी कोणीही त्या बोगद्यात मावेना, म्हणून मीच सरपटत गेले. त्याला घेऊन खाली यायला मला चार मिनिटे लागली. हात मनगटाजवळ मोडला होता. दवाखान्यात जाण्यासाठी मागचे दार जवळ पडेल म्हणून तिकडे धावलो, तर दाराला कुलूप आणि पुढे थंड पेयांचे क्रेट. तिकीट न काढता कोणी आत येऊ नये म्हणून ते दार बंद ठेवतात, असे उत्तर मिळाले.

हाड सहा आठवड्यांत सांधले. परंतु ती चार मिनिटे आणि ते कुलूप माझ्या मनातून गेले नाही.

पुढच्याच आठवड्यात मी धारला गेले. तेव्हा मामा म्हणाले, "अगं, दुकानाच्या वरचा हॉल रिकामा आहे. तिथे मुलांचे खेळघर काढायचे ठरवतोय. तू कॉमर्सची ना? जरा जमाखर्च मांडून दे." मी होकार दिला. मात्र जमाखर्चाबरोबर धोक्याचा हिशेबही मांडायचा, असे मनाशी ठरवले.

धोक्याचे मूल्यमापन करण्याची रीत अवघड नाही. प्रथम काय काय घडू शकेल त्याची यादी करावी. मग प्रत्येक गोष्टीला दोन अंक द्यावेत. ती घडण्याचा संभव किती, याला एक ते पाच. आणि घडल्यास हानी किती, यालाही एक ते पाच. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या धोक्याचे माप. ज्याचे माप मोठे त्याचा बंदोबस्त आधी.

मी देवासचे खेळघर डोळ्यांसमोर ठेवून वही भरू लागले.

१) मुलांची टक्कर आणि पडणे : लहान-मोठी मुले एकत्र सोडली की हे रोजचेच. ट्रॅम्पोलीनवर एका वेळी अनेक मुले असली की इजा होण्याचा संभव वाढतो, आणि त्यांत सर्वांत लहान मूलच जास्त सापडते. दीड मीटर उंचीवरून पडलेले मूल जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. खालचा स्पंज दबून पातळ झाला असेल, तर वरचे रेक्झिन कितीही चकचकीत असले तरी उपयोग नाही. संभव ५, हानी २, माप १०.

२) अडकणे : युरोपातील मैदानी खेळसाहित्याच्या मानकांत ८९ आणि २३० मिलिमीटर हे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. साधारण नऊ ते तेवीस सेंटिमीटरच्या फटीतून मुलाचे पाय आणि धड निघून जाते, पण डोके मागे अडकते आणि मूल लोंबकळते. म्हणून फट याहून लहान तरी हवी किंवा मोठी तरी. बोटांसाठी ८ ते २५ मिलिमीटरची भोके वाईट. टोपीच्या कपड्याची नाडी किंवा गळ्यातील दोरा घसरगुंडीच्या सांध्यात अडकला, तर गळफास बसू शकतो. संभव १, हानी ५, माप ५.

३) अस्वच्छता : चेंडूंचा हौद वेळच्या वेळी रिकामा करून धुतला नाही, तर लाळ, खाऊचे तुकडे आणि कधी टाचण्याही तळाशी साठतात. संभव ३, हानी २, माप ६.

४) आग : संभव १, हानी ५, माप ५.

इथे मी थांबले. माझ्या वहीप्रमाणे कपाळाला आलेले टेंगूळ आगीच्या दुप्पट महत्त्वाचे ठरत होते! गुणाकार बरोबर होता, पण निष्कर्ष चुकीचा होता.

२५ मे २०२४ रोजी, शनिवारी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागून २७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत मुलेही होती. सुट्टीचे दिवस, ९९ रुपयांचे सवलतीचे तिकीट, म्हणून गर्दी होती. पत्र्याच्या बांधकामात वेल्डिंग चालू होते, आत इंधन साठवलेले होते आणि अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ही प्रथमदर्शनी मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. त्याआधी २५ मार्च २०१८ रोजी सायबेरियातील केमेरोव्हो शहरात एका व्यापारी संकुलाला आग लागून ६० माणसे गेली. त्यांत ३७ मुले होती. ती आग मुलांच्या खेळण्याच्या भागातच सुरू झाली होती आणि बाहेर पडण्याचे काही मार्ग बंद होते. आपल्याकडे हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागली. चारशेहून अधिक बळी गेले. तिथेही सुटकेची वाट अपुरी होती.

शिवाय खेळघरातील मऊपणाच इथे वैरी होतो. स्पंज म्हणजे पॉलियुरेथेन. ते भराभर पेटते, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. माणूस ज्वाळेच्या आधी धुराने पडतो. एका मुलाला बोगद्यातून काढायला मला चार मिनिटे लागली होती, आणि तेव्हा धूर नव्हता. त्या रविवारी आत चाळीसेक मुले होती. नेमकी किती, ते मालकालाही ठाऊक नव्हते. कारण तिकिटांची नोंद होती, पण आत गेलेले किती आणि बाहेर आलेले किती याची नव्हती. साध्या मालाच्या वखारीतही आवक-जावक वही असते.

या कोड्याचे उत्तर मला आमच्याच विषयात सापडले. ताळेबंदात संभाव्य देणी, उदाहरणार्थ न्यायालयात पडून असलेला दावा, बेरजेत धरत नाहीत. ती खाली टिपेत दाखवतात. केवळ बेरीज वाचणारा भागीदार फसतो. टीप वाचणाऱ्याला कळते की एका निकालाने सारा धंदा बुडू शकतो. धोक्याच्या वहीतही तसेच करावे. ज्याची हानी ५ आहे, त्याचा संभव कितीही कमी असो, ते कलम गुणाकाराच्या रांगेत उभे न करता वेगळे काढावे आणि ते आटोक्यात आल्याखेरीज पुढे जाऊ नये.

"विमा उतरवू की," असे कोणी म्हणेल. मामाही म्हणाले. विम्याचे तत्त्व नुकसानभरपाईचे आहे. नुकसानापूर्वी जी आर्थिक स्थिती होती ती परत आणणे. कापडाची गाठ जळाली तर हे जमते. मुलाच्या बाबतीत कशाची भरपाई करणार? 'अपघातास मालक जबाबदार नाही' अशी पाटी लावल्यानेही सुटका होत नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते आणि सेवेतील उणिवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते.

उपायांनाही क्रम आहे. धोका मुळातून काढणे सर्वांत चांगले; ते शक्य नसेल तर बांधणीत बदल; त्यानंतर माणसे आणि नियम; पाटी सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा सुरुवातच पाटीपासून होते.

आता धारचा हॉल पाहा. तीस बाय चाळीस फूट. वर जायला एकच अरुंद जिना, तोही दुकानातून. खाली कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे ढीग. म्हणजे खालच्या कापडाने पेट घेतला, तर धूर त्याच जिन्याने वर येणार आणि मुले त्याच जिन्याने खाली उतरणार. मागच्या बाजूला लोखंडी जिना घातला आणि मुलांची संख्या बेताची ठेवली, तर तीन वर्षांत वसूल होणारे भांडवल पाच वर्षांवर जात होते. मी दोन्ही हिशेब मामांपुढे ठेवले.

मामा रागावले. "घरची असून तूच पाय ओढतेस? इथे कोण इतके बघतो?" दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. मामी म्हणाली, "तू पाहुणी आहेस, कशाला बोललीस?" मलाही वाटले, वीस वर्षांच्या मुलीने तीस वर्षे धंदा केलेल्या माणसाला शिकवू नये. पण वही मी परत मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी मामा देवासला भाच्याला पाहायला गेले. परत आल्यावर एवढेच म्हणाले, "पोराचा हात गळ्यात आहे. चार मिनिटे म्हणालीस ना?" मग त्यांनी टेप काढला. दुकानामागचे गोदाम जमिनीलगत आहे आणि त्याला गल्लीत उघडणारी दोन दारे आहेत. कापड वर न्यायचे आणि खेळघर खाली करायचे असे ठरले. मधली भिंत पक्की राहील, सांगाडा एकाच मजल्याचा, एका वेळी वीसच मुले, लहानांची वेळ वेगळी. दारांना आतून ढकलताच उघडणारी कडी बसेल. अग्निशमन विभागाकडे अर्ज केला आहे. प्रमाणपत्र येईपर्यंत तिकीट फाडायचे नाही, असे मामांनी स्वतःच सांगितले. नफा कमी दिसतो. हिशेब मीच मांडला असल्याने तो किती कमी, हे मला नीट माहीत आहे.

आपल्या गावातही अशी खेळघरे निघत आहेत. लहान भावंडांना घेऊन जाल तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एवढे पाहा. दुसरे दार आहे का, आणि ते स्वतः ढकलून पाहा. आत किती मुले आहेत ते विचारा. आकडा चटकन मिळाला पाहिजे. जमिनीवरचा स्पंज मुठीने दाबा. खालची फरशी हाताला लागू नये. लहान-मोठी मुले वेगळी आहेत का ते पाहा. मुलाच्या गळ्यातील दोरा आणि कपड्याची नाडी काढून ठेवा. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. दार उघडत नसेल, तर मुलाचे रडणे सोसून परत फिरा.